विद्यार्थीदशेचे सौंदर्यशास्त्र : मणी कौल यांचा कलाप्रवास आणि ‘नौकर की कमीज’

१

साहित्यकृतीवरून चित्रपट निर्माण झाला की आपल्या समीक्षेत बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : चित्रपट मूळ कृतीशी कितपत प्रामाणिक राहिला आहे? कोणते प्रसंग गळले, कोणती पात्रे वाढली, शेवट बदलला की राखला, अशा नोंदींची बेरीज-वजाबाकी करून निर्णय दिला जातो. या पद्धतीत साहित्यकृती हे माप ठरते आणि चित्रपट त्या मापात बसतो की नाही एवढेच पाहिले जाते. माध्यमांतराच्या अभ्यासात ही पद्धत अपुरी आहे हे तत्त्वतः सर्वांनी मान्य केले असले, तरी प्रत्यक्ष विवेचनात तिची पकड सुटलेली नाही.

प्रस्तुत लेखात मणी कौल (१९४४–२०११) यांच्या कलाप्रवासाच्या आधारे या पद्धतीची मर्यादा तपासावयाची आहे. जोधपूरमधील काश्मिरी कुटुंबात जन्म, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षण, हिंदी व राजस्थानी कथा, मराठी नाटक, ध्रुपद, ठुमरी, कुंभारकला, रशियन कादंबरी आणि अखेर छत्तीसगढच्या मातीतली एक हिंदी कादंबरी, असा हा प्रवास आहे. त्याचे वर्णन ‘अनेक कलांत संचार करणारा बहुरंगी कलावंत’ अशा सोयीस्कर शब्दांत करता येईल. परंतु त्या वर्णनाने काहीच उलगडत नाही. कौल प्रत्येक कलेकडे विद्यार्थी म्हणून गेले, आणि त्या कलेकडून त्यांनी विषय न घेता शिस्त घेतली, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. विनोदकुमार शुक्ल यांच्या कादंबरीवरील ‘नौकर की कमीज’ (१९९९) हा चित्रपट या प्रतिपादनाची कसोटी म्हणून येथे घेतला आहे.

शुक्लांचा जन्म १९३७ साली राजनांदगाव येथे झाला आणि त्यांचे लेखनजीवन मुख्यतः रायपूर येथे गेले. हे शहर मराठी वाचकाला परके नाही. छत्तीसगढचा प्रदेश १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. पुढे मध्यप्रांतात रायपूर व नागपूर एकाच प्रशासनाखाली राहिले. १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू करणारे आणि लोकमान्यांच्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवाद करणारे माधवराव सप्रे हे मराठीभाषक होते, आणि त्यांची कर्मभूमी रायपूर होती. सीमेवरच्या अशा शहरात ‘आपली’ व ‘परकी’ साहित्यकृती ही विभागणी सहजासहजी टिकत नाही.

२

कौल यांनी १९६६ साली पुण्याच्या संस्थेतून शिक्षण पूर्ण केले. त्या काळात तेथे उपप्राचार्य असलेल्या ऋत्विक घटक यांचे शिष्यत्व त्यांनी आणि कुमार शहानी यांनी पत्करले. या दोघांचेही चित्रपट घटकांच्या चित्रपटांसारखे दिसत नाहीत, ही गोष्ट लक्षणीय आहे. घटकांची नाट्यमयता, फाळणीचा आक्रोश, आवाजाचा चढा सूर यांपैकी काहीही कौल यांच्याकडे आलेले नाही. शिष्याने गुरूची शैली न घेता प्रश्न विचारण्याची रीत घेतली.

‘उसकी रोटी’ (१९६९) हा त्यांचा पहिला कथापट मोहन राकेश यांच्या कथेवर आधारलेला आहे. बसचालक नवऱ्यासाठी भाकरी घेऊन रस्त्यावर थांबलेली बालो, एवढेच या कथेचे बाह्य रूप. कौल आणि छायालेखक के. के. महाजन यांनी या चित्रपटासाठी मुख्यतः दोन भिंगे वापरली, २८ मिलिमीटरचे आणि १३५ मिलिमीटरचे. प्रत्यक्ष घडणारे आणि बालोच्या मनात घडणारे यांचा भेद या दोन भिंगांनी सुरुवातीस सुचविला जातो, आणि पुढे ती वाटणी हळूहळू मोडली जाते. कथेत जे काम क्रियापदांचे काळ करतात, ते येथे भिंगाच्या अंतरावर सोपविलेले आहे. चौकटीतील स्त्रीदेहाचे मौन आणि स्थैर्य यांवर अमृता शेरगिल यांच्या चित्रांचा प्रभाव आहे, हे समीक्षकांनी अनेकदा नोंदविले आहे. पण हा प्रभाव चित्रांच्या अनुकरणाचा नाही. चित्रातील आकृती पाहणाऱ्याला जेवढा वेळ थांबविते, तेवढा वेळ पडद्यावरील आकृतीने थांबवावे, अशी ही मागणी आहे.

‘आषाढ का एक दिन’ (१९७१) या नाट्यरूपाच्या बाबतीत हीच वृत्ती अधिक स्पष्ट होते. मल्लिकेच्या भूमिकेत रेखा सबनीस आणि कालिदासाच्या भूमिकेत अरुण खोपकर अशी मराठी कलाजगताशी निगडित नावे येथे भेटतात. संवाद आधी ध्वनिमुद्रित करून ते चित्रणाच्या वेळी ऐकविण्याची पद्धत कौल यांनी येथे अवलंबिली. त्यामुळे नटाचा देह आणि नटाचा शब्द यांचे रंगभूमीवर गृहीत धरलेले ऐक्य सुटते; शब्द ऐकला जातो आणि चेहरा पाहिला जातो. नाटकाचे वाङ्मयीन मूल्य त्याच्या उच्चारित भाषेत आहे हे ओळखून भाषेला अभिनयाच्या ओझ्यातून मोकळे करण्याचा हा प्रयोग होता. पुढे चित्रपटसमीक्षक म्हणून नावारूपास आलेल्या खोपकरांचे मराठी लेखन चित्रकला, वास्तुकला, नृत्य आणि चित्रपट यांचा एकत्र विचार करते. पुण्याच्या त्या पिढीत कलांची सरमिसळ ही अभ्यासाची रीत बनली होती, याचा हा आणखी एक पुरावा मानता येईल.

३

माध्यमांतराच्या तौलनिक अभ्यासाला विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथांइतके अनुकूल क्षेत्र क्वचित सापडेल. ‘दुविधा’ ही कथा कौल यांनी १९७३ साली देथांच्याच बोरुंदा या गावी चित्रित केली. लग्नानंतर लगेच व्यापारासाठी दूर गेलेला नवरा, त्याचे रूप घेऊन घरी आलेले भूत आणि सत्य ठाऊक असूनही त्याचा स्वीकार करणारी नववधू, असे तिचे कथानक आहे. कौल यांनी लघुचित्रांची चौकट आणि स्थिर केलेल्या प्रतिमा यांच्या साहाय्याने कथेचा वेग जवळजवळ थांबविला. हीच कथा २००५ साली अमोल पालेकर यांनी ‘पहेली’ या नावाने पडद्यावर आणली, तेव्हा ती रंग, गीत आणि नृत्य यांनी भरलेली एक प्रणयकथा झाली आणि वधूची निवड अधिक स्पष्ट शब्दांत उच्चारली गेली.

देथांच्याच दुसऱ्या एका कथेचा प्रवास रायपूरशी जोडलेला आहे. रायपूर येथे जन्मलेले आणि नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले हबीब तन्वीर (१९२३–२००९) यांनी छत्तीसगढी नाचा कलावंतांना घेऊन १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’ उभे केले. त्याच वर्षी श्याम बेनेगल यांनी त्याचे बालचित्रपटात रूपांतर केले. तन्वीर यांच्या हाती देथांची कथा छत्तीसगढी बोलीत, पंथी गीतांत आणि नटांच्या उत्स्फूर्ततेत विस्तारत गेली. कौल यांच्या हाती ती आकसत, शांत होत गेली.

यांपैकी प्रामाणिक कोण, हा प्रश्न येथे निरर्थक ठरतो, कारण देथांची कथा हीच मुळात मौखिक परंपरेचे पुनर्लेखन आहे. तिला मूळ मानले तरी त्या मुळाच्या आधी आणखी सांगणारे आहेत. प्रत्येक कलावंताने कथेतील कोणत्या शिस्तीला प्रतिसाद दिला, हे मात्र विचारता येते. तन्वीरांनी सांगण्याच्या सामूहिकतेला, पालेकरांनी कथेतील इच्छेला आणि कौल यांनी कथेतील न सुटणाऱ्या कोड्याला प्रतिसाद दिला.

कौल यांच्या निवडीची किंमतही नोंदविली पाहिजे. सत्यजित राय यांनी १९७४ मधील एका लेखात ‘दुविधा’वर कठोर टीका केली होती. चित्रपटाने माणसांच्या सुखदुःखाशी नाते राखले पाहिजे, या भूमिकेतून पाहिले असता ती टीका सहज फेटाळता येत नाही. वधूची घुसमट कौल यांच्या चौकटीत सुंदर दिसते. सौंदर्याने तिची धार बोथट होते काय, ही शंका रास्त आहे.

४

मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने कौल यांचे दोन चित्रपट विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला ‘घाशीराम कोतवाल’ (१९७६). पुण्याच्या संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणांनी युक्त फिल्म सहकारी संस्थेच्या वतीने तो निर्माण केला, दिग्दर्शनात के. हरिहरन, कमल स्वरूप, सईद मिर्झा आणि कौल यांचा सहभाग होता. तेंडुलकरांच्या नाटकाचा जब्बार पटेल यांनी १९७२ मध्ये केलेला प्रयोग ब्राह्मणांच्या मानवी भिंतीमुळे स्मरणात राहिला. ही भिंत प्रेक्षकांना सामोरी असते, गाते, झुलते आणि गरज पडली की मागचे दृश्य झाकते. कॅमेरा मात्र भिंतीच्या मागे जाऊ शकतो. माध्यमांतराची खरी अडचण येथे आहे. मागे जाता येत असेल तर झाकणे या क्रियेचा अर्थच बदलतो, आणि झाकण्यावर उभा असलेला सत्तेचा खेळ नव्याने रचावा लागतो. दीर्घ, अखंड दृश्यांचा अवलंब करणारा हा चित्रपट या अडचणीवर पूर्णपणे मात करतो असे नाही. पण अडचण कोठे आहे हे त्याला अचूक कळले आहे. एका अमराठी दिग्दर्शकाने मराठी रंगभूमीकडून घेतलेला हा धडा होता.

दुसरा चित्रपट ‘सतह से उठता आदमी’ (१९८०). गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–१९६४) यांची घरची भाषा मराठी होती. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतील महत्त्वाचे कवी व समीक्षक झाले; गजानन माधवांनी हिंदी ही काव्यभाषा निवडली. दोघेही मार्क्सवादी विचाराशी बांधलेले, दोघांनाही मध्यमवर्गीय जाणिवेच्या अंतर्विरोधाने ग्रासलेले. एकाच घरातून दोन भाषांत गेलेल्या या दोन वाटांचा एकत्रित अभ्यास आपल्याकडे अजूनही पुरेसा झालेला नाही. नागपुरातील दशकभराच्या वास्तव्यानंतर १९५८ साली मुक्तिबोध राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक झाले. तेथेच तरुण विनोदकुमार शुक्लांना त्यांचे उत्तेजन लाभले. नागपूर–रायपूर लोहमार्गावरील या गावात कौल यांच्या दोन चित्रपटांचे साहित्यिक मूळ अशा रीतीने एकत्र येते.

मुक्तिबोधांवरील चित्रपट हा चरित्रपट नाही. कथा, साहित्यिक दैनंदिनी आणि कविता यांतील गद्य-पद्य पात्रांच्या व निवेदकाच्या मुखातून येते; रमेश, केशव आणि माधव ही पात्रे बोलतात, चालतात, थांबतात. मुक्तिबोधांच्या लेखनात विचार हीच घटना असते. ही घटना दाखविण्यासाठी तिचे नाट्य करावे, तर ती खोटी ठरते. म्हणून कौल यांनी विचार ऐकविला आणि त्याच्याबरोबर खोली, गल्ली, कारखाना दाखविला. शब्द आणि प्रतिमा एकमेकांचे स्पष्टीकरण देत नाहीत. दोन वाद्यांसारखी शेजारी चालतात. प्रेक्षकाला हे जड जाते. परंतु ‘अंधेरे में’सारख्या कवितेचा वाचकही याच कष्टातून जातो, याचे विस्मरण होऊ नये.

५

या टप्प्यावर कौल ध्रुपदाकडे वळले. उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे त्यांनी प्रत्यक्ष तालीम घेतली. पुढे नेदरलँड्समध्ये ते स्वतः ध्रुपद शिकवीत. चित्रपटासाठी संगीताची माहिती गोळा करणे वेगळे आणि विद्यार्थी होऊन गुरूसमोर बसणे वेगळे. ‘ध्रुपद’ (१९८२), मातीच्या कलेवरील ‘माटी मानस’ (१९८४) आणि बनारसच्या ठुमरीगायिकेवरील ‘सिद्धेश्वरी’ (१९८९) हे तीन चित्रपट या काळातील आहेत.

डागर परंपरेच्या आलापात स्वर हा ठरलेला बिंदू नसतो. त्याच्याकडे जाणारी वाट, त्यावरून सरकणारी मींड आणि सूक्ष्म श्रुतिभेद यांतच राग प्रकट होतो. पुढे काय येणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते, तरी ते कसे येईल हे ठाऊक नसते. कौल यांनी चित्रपटाच्या काळाचा विचार याच पद्धतीने केला. युरोपीय चित्रकलेतील यथादर्शनाने पाहणाऱ्याला एका ठरलेल्या जागी उभे केले आणि कॅमेऱ्याच्या भिंगाने तीच रचना वारसा म्हणून घेतली, असा आक्षेप त्यांनी आपल्या निबंधांतून मांडला. एका केंद्राकडे सर्व रेषा नेणारी चौकट त्यांना स्वराला बिंदू मानणाऱ्या संगीतासारखी वाटली. ‘ध्रुपद’च्या शेवटी आलाप चालू असताना मुंबईच्या वस्तीवरून फिरणारे दीर्घ दृश्य येते, तेव्हा कोठे पाहावे हे कोणीच सांगत नाही.

‘सिद्धेश्वरी’मध्ये गायिकेची भूमिका करणारी मीता वसिष्ठ अखेरीस खऱ्या सिद्धेश्वरीदेवींचे चित्रण पडद्यावर पाहते. भूमिका करणारी व्यक्ती शेवटी श्रोता होते. हा प्रसंग कौल यांच्या एकूण वृत्तीचे सूत्र म्हणून वाचता येतो.

६

‘नौकर की कमीज’ ही शुक्लांची कादंबरी १९७९ साली प्रसिद्ध झाली. संतू बाबू हा कचेरीतील कारकून तिचा निवेदक आहे. नवे लग्न, गळके छप्पर, भाड्याचे घर, घरमालक डॉक्टर आणि त्याच्या बायकोकडून हळूहळू कामाला जुंपली जाणारी संतूची पत्नी, असे हे लहान जग. साहेबाने आदर्श नोकराच्या कल्पनेने एक कमीज शिवून घेतली आहे. पहिला नोकर निघून गेल्यावर ती कमीज ज्याच्या अंगात बसेल तो नोकर, असा न्याय लावला जातो आणि ती संतूच्या अंगावर चढविली जाते. कादंबरीतील गावाला रायपूरची पाटी लावण्याचे कारण नाही. पण गौराहा, देवांगन यांसारखी सहकाऱ्यांची नावे आणि लहान शहराचा संथ दिनक्रम या प्रदेशाची खूण पटवितात.

मराठी वाचकाला येथे ‘सुखी माणसाचा सदरा’ या लोककथेची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्या कथेत सदऱ्याचा शोध असतो आणि सुखी माणूस सापडतो तेव्हा त्याच्या अंगात सदराच नसतो. शुक्लांनी हा क्रम उलटा केला आहे. सदरा तयार आहे; शोध माणसाचा आहे. माप आधी ठरलेले आहे, आणि माणूस त्या मापाचा निघणे हाच त्याचा दोष. वसाहतकालीन नोकरशाहीचा स्वातंत्र्योत्तर काळातील अवशेष एवढ्या साध्या वस्तूत पकडण्याचे सामर्थ्य आधुनिक भारतीय कादंबरीत विरळ आहे.

या कादंबरीचे बळ कथानकात फारसे नाही. ते तिच्या वाक्यात आहे. शुक्लांचे वाक्य एखादी साधी गोष्ट सांगते, मग तीच गोष्ट किंचित फिरवून सांगते, आणि या फिरण्यात सामान्य वस्तू अनोळखी होते. विनोद आणि दुःख यांत फरक करण्याची संधी ते वाचकाला देत नाही. असे वाक्य पडद्यावर कसे आणावयाचे? निवेदन जसेच्या तसे ऐकविणे हा ‘सतह से उठता आदमी’चा मार्ग होता. येथे कौल यांनी दुसरा मार्ग धरला. छायालेखक के. यू. मोहनन यांना त्यांनी चित्रण करताना कॅमेऱ्याच्या दृश्यदर्शकातून पाहू दिले नाही. चौकट आधी ठरवून माणसांना तिच्यात बसविण्याची सवय मोडणे हा त्यामागील हेतू. परिणामी कॅमेरा पात्रांच्या आसपास वावरतो, कधी त्यांना निसटू देतो, कधी एखाद्या वस्तूवर रेंगाळतो. संतू आणि त्याची पत्नी यांच्या गृहजीवनातील कोवळेपणा या वावरण्यातून मिळतो. ‘उसकी रोटी’च्या कठोर रचनेत तो मिळाला नसता.

कमीज आणि चौकट यांतील हे साम्य महत्त्वाचे आहे. आधी माप आणि मग माणूस, या न्यायाविरुद्ध ही कादंबरी उभी आहे. तिच्यावरील चित्रपट आधीच आखलेल्या चौकटींत चित्रित झाला असता, तर विषय राखूनही त्याने कादंबरीशी द्रोह केला असता. कौल यांनी कादंबरीचा न्याय चित्रणपद्धतीला लावला. प्रामाणिकपणा हा शब्द वापरावयाचाच असेल, तर तो या पातळीवर वापरावा.

तथापि काही गोष्टी हातून सुटल्या आहेत. निवेदकाच्या मनात चालणारा शुक्लांचा खट्याळ तर्क पडद्यावर पातळ होतो. कादंबरीत संतू स्वतःच्या अपमानाविषयी बोलत असताना त्याच्या बोलण्यातच प्रतिकार असतो. चित्रपटात तो बहुतांशी शांत, सोसणारा दिसतो. दुसरे असे की, तन्वीरांच्या रंगभूमीवर छत्तीसगढचा माणूस स्वतःच्या बोलीत हसतो, भांडतो, गातो. कौल यांच्या चित्रपटात त्या बोलीचे अस्तित्व क्षीण आहे. कादंबरीही प्रमाण हिंदीतच लिहिलेली आहे, हे उत्तर पुरेसे नाही. चित्रपटाला आवाज असतो आणि आवाजाला प्रदेश असतो. ध्रुपदाची श्रुती ऐकणाऱ्या कानाला बोलीची श्रुती ऐकू आली नाही, ही या प्रवासाची मर्यादा आहे.

७

शुक्लांना २०२४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार जाहीर झाला आणि डिसेंबर २०२५ मध्ये रायपूर येथे त्यांचे निधन झाले. कादंबरी आणि चित्रपट या दोन्ही कृती मध्य प्रदेशातल्या. नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आल्यानंतर त्या त्या राज्याच्या सांस्कृतिक वारशात मोजल्या जाऊ लागल्या. सरहद्दी बदलल्या की साहित्यकृतींचे पत्ते बदलतात. मुक्तिबोध हिंदीच्या कपाटात आणि शरच्चंद्र मराठीच्या, ‘घाशीराम’ नाट्यविभागात आणि त्याचा चित्रपट कोठेच नाही, ही आपल्या ज्ञानव्यवस्थेची स्थिती आहे. तीही आधी शिवून ठेवलेल्या कमिजीसारखीच आहे.

विवेचनाचा निष्कर्ष असा : माध्यमांतराचा अभ्यास करताना दोन तयार कृतींची तुलना करून थांबू नये. एका कलेने दुसऱ्या कलेकडून काय शिकून घेतले आणि काय शिकावयाचे राहून गेले, या दोन्ही बाजूंनी तो व्हावा. कौल यांच्या बाबतीत पहिली बाजू समृद्ध आहे आणि दुसरीही डोळ्यांआड करण्यासारखी नाही. कथेकडून काळ, चित्राकडून थांबणे, नाटकाकडून शब्दाचे स्वातंत्र्य, आलापाकडून केंद्र सोडणे आणि शुक्लांच्या कादंबरीकडून मापाविषयीचा अविश्वास त्यांनी घेतला. महाराष्ट्राबाहेर, अनेक मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसमोर मराठीचे अध्यापन करणाऱ्याला या विद्यार्थ्याची वाट उपयोगी पडेल. दुसऱ्या भाषेची कृती वर्गात आणताना ती आपल्या मापाची आहे काय हे पाहण्याऐवजी, तिच्यापुढे आपली मापे कोठे अपुरी पडतात हे पाहणे अधिक फलदायी ठरते. रायपूरची कादंबरी आणि पुण्यात शिकलेला चित्रपट यांच्या भेटीतून मराठी अभ्यासकाने निदान एवढे तरी घ्यावे.